बुधवारचा बाजार, विरळणी आणि २५ फूट: एमएस फिजिओथेरपी प्रकल्पाच्या नोंदी

१ ऑक्टोबर २०२४, मंगळवार

एमएसच्या, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसच्या, पेशंटसाठी आजपासून वेगळी वही. आमच्या नेहमीच्या फॉर्मवर प्रगतीसाठी एकच ओळ असते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर येणाऱ्या माणसाला ती पुरते: गुडघा ९० अंश वाकत होता, आता १२० वाकतो. एमएसचं तसं नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणाच मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर हल्ला करते, आणि आवरण नेमकं कुठे गेलं त्यावर त्रास ठरतो. एकाचा पाय ओढला जातो, दुसऱ्याच्या हातातून वस्तू सुटते, तिसरीला सगळं जमतं पण दुपारनंतर अंगात त्राणच उरत नाही. काहींना या त्रासाचा अटॅक येतो आणि उतरतो. काहींचा त्रास गाजावाजा न करता चढत जातो. अशा आजारात ‘चाल सुधारली’ एवढं लिहून पेशंटला काही कळत नाही, घरच्यांना नाही आणि न्यूरोलॉजिस्टना तर नाहीच.

म्हणून ठरवलंय ते असं. प्रत्येकाचं ध्येय त्याच्या तोंडून लिहून घ्यायचं. ते कुठवर गाठलं हे ठरवणारी पट्टी उपचार सुरू होण्याआधी कागदावर उतरवायची. जोडीला मोजक्या चाचण्या, दर वेळी एकाच परिस्थितीत. मुदत एप्रिलपर्यंत.

चौघांनी होकार दिला: नाशिकच्या इंदिरानगरमधल्या शिक्षिका ताई, निफाडजवळचे द्राक्षबागायतदार दादा, पंचवटीतल्या काकू आणि अंबडला कंपनीत लागलेला २३ वर्षांचा मुलगा. वहीत नावं येणार नाहीत.

४ ऑक्टोबर

कॉरिडॉरमध्ये २५ फूट मोजून दोन्ही टोकांना पिवळी चिकटपट्टी लावली. मीटरमध्ये ७.६२. पुढच्या पट्टीपलीकडे मोकळी जागा ठेवली आहे, कारण समोर भिंत दिसली की माणूस रेषेआधीच पाय आखडता घेतो. ‘पडणार नाही एवढं सांभाळून, जमेल तितकं भरभर चाला’ इतकंच सांगायचं. दोनदा मोजायचं, सरासरी लिहायची. काठी, वॉकर, स्प्लिंट, रोज जे वापरतात ते चालेल, पण पुढच्या वेळीही तेच. चप्पलसुद्धा तीच.

या चाचणीत २० टक्क्यांच्या आतला फरक आम्ही फरक धरणार नाही. एमएसच्या माणसाची चाल सकाळ-संध्याकाळ बदलते, झोप झाली नाही तर बदलते. घड्याळात अर्धा सेकंद कमी दिसला म्हणून पेढे वाटायचे आणि पुढच्या महिन्यात अर्धा वाढला म्हणून तोंड पाडायचं, यात पेशंटचे हाल होतात.

हातासाठी नऊ खुंट्यांची चाचणी: एकेक खुंटी भोकात बसवायची, मग एकेक काढायची, दोन्ही हातांनी, वेळ लावून. थकव्यासाठी नऊ वाक्यांची प्रश्नावली, प्रत्येकाला १ ते ७ गुण. सरासरी ४ किंवा वर गेली की थकवा गंभीर समजायचा.

सहकारी म्हणाली, न्यूरोलॉजिस्टच्या कागदावर ईडीएसएसचा, म्हणजे एमएसमधलं अपंगत्व मोजणाऱ्या पट्टीचा, आकडा असतोच, तोच वापरू. मला ते पटत नाही. जॉन कुर्ट्झके यांनी १९८३ मध्ये मांडलेली ही ० ते १० ची पट्टी अर्ध्या-अर्ध्या गुणानं सरकते आणि ४ च्या पुढे जवळजवळ सगळा भार चालण्यावर टाकते. ६ म्हणजे एका बाजूचा आधार घेऊन साधारण १०० मीटर, ६.५ म्हणजे दोन्ही बाजूंच्या आधारानं २० मीटर. काकू ६.५ वर आहेत. रात्री बाथरूमला जाताना पडणाऱ्या काकू आणि न पडणाऱ्या काकू, दोघीही त्या पट्टीवर ६.५ च. आजार कुठल्या टप्प्यावर आहे हे सांगायला तो आकडा चांगला. आमच्या कामाचं माप त्यात बसत नाही.

९ ऑक्टोबर

शिक्षिका ताई. वय ३४. २५ फूट ५.६ सेकंदांत. पाहणाऱ्याला वाटेल यांना काय झालंय! त्या स्वतःच म्हणाल्या, “मॅडम, मला चालायला त्रास नाही हो. टिकायला आहे.”

पाचव्या तासाला फळ्यासमोर पाय लटपटतात, शब्द आठवत नाहीत, आणि मुलांना वाटतं बाई चिडल्यात. शाळेत कुणाला आजार माहीत नाही. थकव्याची सरासरी ५.८ आली.

यांच्यासाठी २५ फूट कमी पडतात. सहा मिनिटं चालवून दर मिनिटाचं अंतर वेगळं लिहिलं. पहिल्या मिनिटात ६८ मीटर, सहाव्यात ५१. एकूण अंतरापेक्षा ही घसरण महत्त्वाची, ताईंचा पाचवा तास तिच्यात दिसतो. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सरळ जागा मिळाली, तिथेच दर वेळी घेणार.

ध्येय त्यांच्या शब्दांत: “पाचवा तास उभ्यानं घ्यायचाय, आणि घरी गेल्यावर मुलीचा अभ्यास घ्यायला उरायचंय.” दुसरा भाग मी विचारला नव्हता. तो त्यांनीच जोडला, आणि तोच मला जास्त मोलाचा वाटतो.

१५ ऑक्टोबर

दादा. वय ४१. बागेची फळछाटणी नुकतीच झाली, त्यामुळे बोलणं सगळं द्राक्षांचंच. उजव्या हातानं नऊ खुंट्या ३४ सेकंदांत, डाव्यानं २२. निरोगी माणसाला साधारण २० सेकंद लागतात.

ध्येय विचारलं तर म्हणाले, “नोव्हेंबरात विरळणी आहे. मजूर लावतो मी, पण घड कसा सोडायचा हे हातानं दाखवावं लागतं. नुसतं तोंडानं सांगून बाग होत नाही.”

विरळणी किंवा घड सोडणं म्हणजे घडातले दाट मणी बारीक कात्रीनं काढून उरलेल्यांना फुगायला जागा करून देणं. पाच मिनिटांत हात खाली येतो म्हणतात. पट्टी त्यांच्यासमोर बसूनच बनवली: −२ ते +२, मधला ० म्हणजे अपेक्षित निकाल. सलग २० मिनिटं जमलं तर ०. विश्रांती घेऊन अशा दोन पाळ्या झाल्या तर +१. अधूनमधून बसत अर्धा दिवस काम झालं तर +२. आज आहे ते, म्हणजे पाच मिनिटं, −१. कात्रीच धरता आली नाही तर −२.

१८ ऑक्टोबर

काकू. वय ५८. आजाराला १९ वर्षं झाली. आता अटॅक येत नाहीत, पण त्रास सरकत सरकत वाढतोय. वॉकर घेऊन २५ फूट २१ सेकंदांत. सूनबाई सोबत होत्या.

काकूंना आधी विचारलं की दिवस कसा जातो. मग, काय करावंसं वाटतं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “बुधवारी गंगेवर (गोदावरीच्या घाटावर) बाजार भरतो ना, तिथं जाऊन माझ्या हातानं भाजी निवडायचीय. घरी आणतात ती वांगी मला पसंत पडत नाहीत.” सूनबाई हसल्या. काकू हसल्या नाहीत.

सूनबाईंचं म्हणणं वेगळं: “त्या पडायच्या थांबल्या पाहिजेत. मी नोकरीवर असते, दिवसभर जीव टांगणीला असतो.” दोन्ही लिहून घेतली. घरच्यांचं ध्येय आणि पेशंटचं ध्येय एकाच ओळीत कोंबलं की नेहमी पेशंटचं मागे पडतं.

तिसरं मी सुचवलं: पलंगापासून बाथरूमपर्यंत वॉकरनं स्वतःचं स्वतः जाणं. आज जमतं. एप्रिलमध्येही जमावं.

यावर संध्याकाळी आमच्यात बरीच चर्चा झाली. गोल अटेनमेंट स्केलिंग ही पद्धत किरेसुक आणि शर्मन यांनी १९६८ मध्ये मानसोपचाराच्या कामासाठी मांडली, पुढे पुनर्वसनात सर्रास वापरात आली. पाच पायऱ्या, −२ ते +२. अपेक्षित निकाल ०. सुरुवात बहुतेक वेळा −१ वर धरतात, म्हणजे माणूस वर चढेल असं गृहीतच धरलेलं असतं. सहकाऱ्याचं म्हणणं, काकूंच्या या तिसऱ्या ध्येयाची सुरुवातच ० वर लिहिली तर सहा महिन्यांनी ० दिसेल आणि लोक म्हणतील, काहीच केलं नाही.

मी ० वरच लिहिलं. ज्या आजाराची वाट उताराची आहे त्यात सहा महिने त्याच जागी उभं राहणं ही कमाई आहे, आणि ती कमाई मोजली जाईल अशी जागा कागदावर हवी. ती नसेल तर काकूंसारख्यांच्या फाइलवर कायम अपयशच लिहिलं जातं, आणि मग कुणीतरी ‘आता फिजिओचा उपयोग नाही’ म्हणून उपचार बंद करतं. हे मी होताना पाहिलंय.

पडण्याची नोंद ठेवायला वेगळी डायरी देणार होतो. सूनबाई म्हणाल्या, दुधाचा हिशेब कालनिर्णयवर लिहितो, तिथेच करते. लाल फुली म्हणजे पडल्या. निळा गोल म्हणजे तोल गेला पण सावरल्या. शेजारी वेळ.

२५ ऑक्टोबर

मुलगा. डावा पंजा उचलला जात नाही, चालताना बोटं फरशीला घासतात. २५ फूट ६.३ सेकंद. ध्येय: “पहिल्यासारखं व्हायचंय.” त्यापुढे एक शब्द नाही. आग्रह केला नाही. निदान होऊन वर्षही झालेलं नाही. रकाना रिकामा ठेवला आणि पंजा उचलण्याचे व्यायाम सुरू केले.

२८ ऑक्टोबर

पट्ट्यांचे गुण एकत्र करायचं सूत्र वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवलं. सगळी ध्येयं ठरवल्याप्रमाणे गाठली की आकडा ५० येतो. तीन सारख्या वजनाची ध्येयं −१ वर असली तर ३६.३. काकूंची दोन −१ वर आणि एक ० वर, म्हणून सुरुवात ४०.९.

ताईंचा आठवडा ठरला: दोन दिवस अर्धा-अर्धा तास सायकल, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या जोरात. दोन दिवस ताकदीचे व्यायाम. एमएसमध्ये दम लागेल असं काही करू नका, पडून राहा, असं पूर्वी सांगत. ताईंच्या सासरी अजून तेच सांगतात. २०१३ च्या कॅनडातल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, सौम्य ते मध्यम त्रास असलेल्या प्रौढांसाठी, नेमकं हेच प्रमाण दिलंय. सासूबाईंना पुढच्या वेळी सोबत बोलावलंय.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

दादांच्या बागेत गेलो, मी आणि आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट. विरळणी सुरू आहे. इथे जे कळलं ते क्लिनिकमध्ये बसून कधीच कळलं नसतं.

घड डोक्याच्या वर लोंबतात. डाव्या हातानं घड अलगद धरायचा, उजव्या हातातली कात्री आत घालून दाटीतला मणी नेमका देठाशी कापायचा. शेजारच्या मण्याला टोक लागलं की त्यावर डाग पडतो आणि तो मणी गेला. हे सगळं दोन्ही हात खांद्याच्या वर उचलून, मान मागे टाकून. नऊ खुंट्यांची चाचणी टेबलावर, कोपर टेकवून होते. म्हणजे आम्ही बोटं मोजत होतो आणि दादांची बोटं नंतर थकतात. आधी खांदा थकतो, खांदा हलला की कात्री थरथरते, आणि दादांना वाटतं बोटं गेली.

त्यांना बागेतल्याच एका प्लास्टिकच्या क्रेटवर उभं केलं, तर घड छातीसमोर आला, हात खाली आले. पण उभ्यानं तोल जायला लागला. मग क्रेट काढून त्यांच्या मुलानं फवारणीच्या शेडमधून उंच स्टूल आणलं, पाठीला तारेचा खांब आला. स्टुलावर बसून, उजवं कोपर आडव्या बांबूवर टेकवून, दादांनी घड सोडायला घेतला. पहिल्या घडात दोन-तीन मणी चुकले. दुसऱ्यात एक. तिसरा घड पूर्ण झाला तेव्हा बाजूच्या ओळीतल्या बायका काम थांबवून बघत होत्या. दादांनी घड त्यांच्याकडे वळवला आणि म्हणाले, “एवढी हवा पाहिजे मधून. बघा, बोट जातंय.”

१८ मिनिटांनी थांबले. ० ला दोन मिनिटं कमी. स्टूल आणि बांबू पुढच्या वेळीही असतील, म्हणून पट्टीवर तसं स्पष्ट लिहिलं: ‘बसून, कोपराला आधार’. व्यायामांत खांद्याचा दम वाढवणारे घातले, बोटांचे कमी केले.

१६ डिसेंबर

थंडी कडाक्याची. निफाडकडचा पारा नाशिकपेक्षाही खाली जातो. दादांचा सकाळचा हात कडक, काकूंचे पाय तर वॉकरलाच अडकतात. ताठरपणा थंडीत बऱ्याच जणांचा वाढतो. या आठवड्यातल्या चाचण्या ऊन वर आल्यावर घेतल्या आणि खोलीचं तापमान शेजारी लिहिलं. बाकी विशेष नाही.

दादांची विरळणी आटोपली. शेवटच्या आठवड्यात २० मिनिटांच्या दोन पाळ्या झाल्या. +१. आणि खुंट्या? ३४ चे ३१ सेकंद. २० टक्क्यांच्या आत. चाचणीच्या हिशेबानं हात होता तसाच आहे, बागेच्या हिशेबानं माणूस कामावर परत आला. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही न्यूरोलॉजिस्टना पाठवलं.

९ जानेवारी २०२५

काकूंचा पाय एकदम जड झाला. २५ फुटांना ३१ सेकंद. हा फरक २० टक्क्यांच्या कितीतरी पलीकडचा. कालनिर्णयवर चार दिवसांत दोन लाल फुल्या. सूनबाई घाबरल्या, “अटॅक असेल का? स्टेरॉईड घ्यावं लागेल का?”

व्यायाम थांबवले. ताप मोजला, अंगात कसर होती. लघवीला जळजळ होते का विचारलं, तर काकू म्हणाल्या, होते, पण सांगायचं काय त्यात. लगेच न्यूरोलॉजिस्टना फोन केला. नवा अटॅक म्हणायचा तर त्रास २४ तासांपेक्षा जास्त टिकलेला हवा आणि ताप किंवा जंतुसंसर्ग नसावा. संसर्गानं अंग तापलं की जुनेच त्रास वर येतात, नवी इजा झालेली नसते. लघवी तपासायला सांगितली.

रिपोर्टमध्ये संसर्ग निघाला, औषध सुरू झालं.

२४ जानेवारी

काकू २२ सेकंदांवर. ९ तारखेची मोजणी वहीतून खोडली नाही, शेजारी ‘संसर्ग, ताप’ लिहिलं आणि प्रगतीच्या आलेखात धरली नाही. ठरलेलं माप हाताशी असलं की असा बिघाड त्याच दिवशी डोळ्यांत भरतो.

कालनिर्णयची तीन पानं शेजारी मांडली तेव्हा आणखी एक दिसलं. बहुतेक लाल फुल्या रात्री २ ते ४ च्या. जागा एकच, बाथरूमचा उंबरठा. घाई लागते, अंधार असतो, वॉकरचं पुढचं चाक उंबरठ्याला अडतं. उंबरठ्याला लाकडी उतार ठोकून घेतला, पलंगापासून बाथरूमपर्यंत पायाशी दिवे लावले, दाराशी पकडायला दांडा. घाईच्या त्रासाबद्दल डॉक्टरांशी बोला असं काकूंना समजावलं. त्याला औषध आहे, लाजायचं कारण नाही.

३० जानेवारी

ताई. सहा मिनिटांच्या चालीत पहिलं मिनिट ६९, शेवटचं ६०. घसरण १७ मीटरची होती ती ९ वर आली. थकव्याची सरासरी ५.१. अजून जास्तच आहे, पण पाचवा तास उभ्यानं होतो, आठवड्यातले तीन दिवस.

त्यांनी मुख्याध्यापिकांना अखेर सांगितलं. आधी माझ्याकडून कायद्याबद्दल समजून घेतलं: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा उल्लेख आहे. प्रत्यक्षात कायद्याची भाषा काढायची वेळ आलीच नाही. वर्ग पहिल्या मजल्यावरून तळमजल्यावर आला आणि चौथा तास मोकळा मिळाला.

सहकाऱ्याचा प्रश्न रास्त होता: हे यश आपलं कसं धरायचं? वर्ग खाली आला म्हणून तास उभ्यानं होतोय, स्नायूंमुळे नाही. माझं उत्तर असं की ताईंनी पायांची ताकद मागितलीच नव्हती. त्यांनी पाचवा तास आणि मुलीचा अभ्यास मागितला. जिन्यात खर्च होणारं बळ वाचलं ते तिथे गेलं. व्यायामानं काय झालं ते मीटरमध्ये दिसतंच, आणि वर्ग बदलल्यानं काय झालं ते पट्टीवर दिसतं. नोंदीत दोन्ही कारणं लिहायची, म्हणजे वाचणाऱ्याची फसगत नाही.

“आणि मुलीचा अभ्यास?” मी विचारलं. “ती म्हणते, आई, आता तू पाढे चुकलेले पकडतेस.”

१२ फेब्रुवारी, बुधवार

काकूंचा बाजार. सकाळी लवकर, गर्दी वाढायच्या आत. पट्टीवरचा ० असा होता: वाहनापासून एका भाजीवालीपर्यंत वॉकरनं, भाजी स्वतः निवडायची, बसायला खुर्ची चालेल.

काकूंच्या मुलानं रिक्षा जमेल तितकी आत घेतली. घाटाजवळची फरशी उंचसखल, मध्ये पाणी सांडलेलं. कॉरिडॉरमधल्या गुळगुळीत २५ फुटांशी याचा काही संबंध नाही. म्हणूनच गेले काही आठवडे क्लिनिकच्या मागच्या खडबडीत अंगणात चालवत होतो, हातात पिशवी देऊन, मध्येच हाक मारून. बाजारात कुणीतरी हाक मारणारच, आणि मान वळली की तोल जातो. आज तसंच झालं, जुन्या शेजारणीनं लांबून आवाज दिला. काकूंनी आधी वॉकर थांबवला, मग मान वळवली.

भाजीवालीसमोर खुर्चीवर बसून काकूंनी वांगी उलटीपालटी करून पाहिली. देठ दाबून बघितलं. तीन बाजूला टाकली. भाजीवाली म्हणाली, “आजी, सगळी चांगलीच आहेत.” काकू म्हणाल्या, “असतील. मला ही हवीत.” भावात दहा रुपये सोडवले.

परतताना शेवटचं अंतर जमलं नाही, मुलानं चाकांची खुर्ची आणली. ते पट्टीत अपेक्षितच होतं. ०.

२० मार्च

काल रंगपंचमी होती. मुलगा आज स्वतःहून वेळेआधी आला. मित्रांनी रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदात) उडी मारायला ओढलं, यानं नाही म्हटलं, आणि का ते पहिल्यांदाच सांगून टाकलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “मॅडम, एक लिहा. मला बाईकचा गिअर टाकता येत नाही. पंजा वर उचलून दुसरा गिअर पडत नाही, सिग्नलला गाडी बंद पडते.”

इतक्या महिन्यांनी रकाना भरला. पंजा किती उचलला जातो, किती वेळा सलग, बूट घालून, हे मोजता येतं. पण सिग्नलला डावा पाय टेकून गाडी तोलता येते का, हेही तितकंच मोजायला हवं, आणि नजर तपासून डॉक्टरांनी संमती दिल्याशिवाय रस्त्यावर नाही, हे आधीच स्पष्ट केलं. तोवर उभ्या गाडीवर सराव. पंजा पुरेसा उचललाच नाही तर बिनगिअरची स्कूटर, हेही पट्टीवर घातलं, −१ च्या जागी. तो जरा खट्टू झाला, पण सही केली.

२७ मार्च

ऊन वाढलं. मुलाची सोयीची वेळ दुपारी ४ ची, कंपनी सुटल्यावर. आज ७.६ सेकंद आले. सकाळी ९ ला परत बोलावलं होतं तेव्हा ६.१. तोच पाय, तेच बूट, आणि फरक जवळजवळ पाव. अंग तापलं की आवरण गेलेल्या नसेतून संदेश नीट जात नाही. विल्हेल्म उहथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञानं १८९० मध्ये हे नोंदवलं, श्रमानंतर पेशंटची नजर मंदावते असं त्याला आढळलं होतं. अंग गार झालं की त्रास ओसरतो, नवी इजा होत नाही. मुलाला हे आकडे शेजारी ठेवून दाखवले, कारण दुपारी पाय जड झाला की आजार वाढला असं समजून तो रात्रभर झोपत नव्हता.

व्यायामाआधी मानेवर ओला टॉवेल, गार पाण्याची बाटली, पंखा. सगळ्यांच्या मोजण्या आता सकाळीच.

११ एप्रिल

सहा महिन्यांची बेरीज.

काकू: २५ फूट २१ चे २२.४ सेकंद, फरक नाही. मार्चमध्ये एक लाल फुली, निळे गोल पाच. पडण्याच्या पट्टीवर हे ० मध्ये बसतं. बाथरूमपर्यंत स्वतः, ०. बाजार ०. एकत्रित ५०. सूनबाईंना आकडा समजावताना म्हटलं, ठरवलं होतं तेवढं झालं. त्यांनी विचारलं, “म्हणजे पुढचे सहा महिनेही यायचं?” हो, यायचं. यांच्या बाबतीत थांबलं की घसरतं.

ताई: दोन्ही ध्येयं ०. पुढे त्यांनाच आठवड्याचं वेळापत्रक स्वतः आखायला शिकायचंय, माझ्याकडे महिन्यातून एकदाच.

दादा: +१. एप्रिलच्या खरड छाटणीसाठी पट्टी बनवू म्हटलं तर म्हणाले, या उन्हात बागेत जाणार नाही, माणसं आहेत. ऑक्टोबरच्या फळछाटणीची बनवा, मोठ्या कात्रीची. त्यात पंजाची पकड आणि मनगटाचा जोर लागतो, म्हणून खुंट्यांबरोबर पकडीचा जोर मोजायचं यंत्र वापरायचं. ऑक्युपेशनल थेरपिस्टना कळवलं.

मुलगा: पट्टीला तीन आठवडेच झालेत, गुण देत नाही. स्प्लिंटचं माप सोमवारी, बूट सोबत आणायला सांगितलेत.

न्यूरोलॉजिस्टना जाणाऱ्या पत्राचा नमुना बदलला. वर पेशंटचं वाक्य जसंच्या तसं, खाली पट्टी, त्याखाली सेकंद आणि मीटर, शेवटी मोजणीची वेळ आणि खोलीचं तापमान. कॉरिडॉरमधली पिवळी पट्टी पुसट झालीय, उद्या नवी लावून २५ फूट परत मोजून घ्यायचे.